पाय पुढे की डोकं

७ जाने. १९४०, नंदुरबार
प्रथमोपचाराच्या वर्गाचा तिसरा दिवस. अकरा जण. डॉ. के. हाताने करून दाखवतात, मी त्यांच्या इंग्रजी पुस्तकाचं मराठी करून सांगतो. आज फळ्यावर 'ऊर्वस्थिभंग' लिहिलं आणि त्यावर दहा मिनिटं बोललो. शेवटी दित्यादादा म्हणाला, "अण्णा, हाई काय रहास?" दित्यादादा सातपुड्यातून लाकडं आणून विकतो. चाळिशीचा. वर्गातला एकटा भिल्ल.
"मांडीचं हाड मोडणं."
"मंग तसंच सांगाना."
सगळे हसले. मीही, जरा उशिरा. शब्द पुसला. चांगला शब्द होता.

९ जाने.
आज स्ट्रेचर. दोन बांबू, मधे नवा पांढरा मांजरपाट. रोगी म्हणून झोपायला कोणी तयार नाही. तिरडीच दिसते, म्हणे. गणपत शिंप्याला म्हटलं, तू झोप, तूच शिवलंय. "शिंपी टोपी शिवस, म्हणीसन सगळास्नी टोप्या त्यानीच घालाव्यात का?"
मीच झोपलो. झोपल्या झोपल्या अंधश्रद्धेवर बोलू लागलो, तर डॉ. म्हणाले, "रोगी व्याख्यान देत नसतो."
नियम: नेताना रोग्याचे पाय पुढे, डोकं मागे. मागच्याला चेहरा दिसत राहतो: रंग, घाम, श्वास. उत्तम नियम. मेलेल्याला आपण असंच बाहेर काढतो, म्हणून निम्मा वर्ग कुजबुजला. त्यावर उद्या बोललंच पाहिजे.

१५ जाने., धानोरा
इथे प्रथमोपचारावर माझी सभा होती, ती अर्ध्यात सोडली. एक जण धावत आला: कापसाची गाडी कलंडली, शिवराम पाटील खाली सापडला. बरं की दित्यादादा, गणपत धरून आम्ही चौघांनी स्ट्रेचर गावाला दाखवायला सोबत आणलं होतं. घरात बाजेवर ठेवलेला. मांडी सुजून फुगलेली, पाऊल बाहेर वळलेलं. नाडी बारीक, भरभर. मांडीच्या आत रक्त साचतं आणि धट्टाकट्टा माणूसही त्यात जातो, हे डॉ.नी दोनदा सांगितलं आहे. डॉ. नंदुरबारात.
काखेपासून घोट्यापर्यंत फळी. दित्यादादाने पाय ओढून धरला, मी बांधलं. स्ट्रेचरवर घेतलं, उचललं, आणि दारात शिवरामची बायको यशोदाबाई दोन्ही हात चौकटीला लावून उभी.
"मन्हा धनी जित्ता शे. पाय पुढे करीसन त्याले घरना बाहेर काढू नका. अन् हाई धवळं फडकं बी नको."
मी सुरू झालो. ज्ञान, रूढी, बावळट समजुती, सगळं. माझा आवाज घरात मावेना. बायका रडू लागल्या. पाच मिनिटं गेली असतील. ती माझ्यामुळे गेली.
दित्यादादा म्हणाला, "अण्णा, थांब. भाषण मंग." मग तिच्याकडे वळून, "वहिनी, तुन्हं एक लुगडं दे. लाल."
तिने दिलं. त्याने ते शिवरामवर पसरलं, कडा खाली खोचल्या. पांढरं दिसेनासं झालं. मग आम्हाला जागच्या जागी फिरवलं. डोकं पुढे.
मी म्हटलं, "मग चेहरा कोण पाहणार?"
त्याने तिच्याकडे बोट केलं. "ती पाही."
ती चौकटीतून बाजूला झाली.
गावची माणसं आळीपाळीने हात देत होती. खांद्यावर नाही, हातात. तेही तिने बजावलं. वाटभर ती डोक्याशी चालली. "अण्णा, घाम उना. थंडा शे." "अण्णा, ओठ कोरडा व्हयनात." "आते डोळा उघाडात." मी पांघरूण घे, ओठ भिजव, एवढंच सांगत होतो. दिवेलागणीला नंदुरबारचा दवाखाना.

१६ जाने.
आहे. सकाळी शिवरामची नाडी भरलेली, पाऊल गरम, बोटं हलतात. डॉ. बाहेर आले तेव्हा मी पायरीवर बसलो होतो. मग गणपतच्या शिदोरीतल्या दोन भाकरी खाल्ल्या, त्याच्या वाटणीच्या.
डॉ.: "डोकं पुढे का आणलंत?" सांगितलं.
"परीक्षेत गुण कापले असते." मग, "घाम कधी आला, शुद्ध कधी ढळली, तिने मला सगळं क्रमाने सांगितलं. काय पाहायचं ते शिकवलं होतंत का?"
"नाही."
"मग तिलाच वर्गाला बोलवा."

१९ जाने.
शिवराम बोलू लागला. पायाला वजन बांधून ओढ दिली आहे, कंटाळतो. म्हणाला, "अण्णा, तुम्ही घरमा भाषण चालू करं ना, तव्हय माले वाटनं, आते काय मी वाचत नही."
यशोदाबाईंनी त्याला गप्प केलं, पण हसल्या. मला फार बरं वाटलं. इतकं की घरी येताना चुकून दुसऱ्याच गल्लीत शिरलो.

२३ जाने.
वर्गाच्या वहीत स्ट्रेचरचा नियम लिहायचा होता. मत बदललेलं नाही: पाय पुढे नेल्याने कोणी मरत नाही, हे मी चव्हाट्यावर ओरडून सांगेन. पण दार अडलं तर माणूस आतच राहतो. दित्यादादाला विचारलं, काय लिहू? "लिख, घरवालीले विचार." डॉ.ना हे पटेल का, ठाऊक नाही. पेन्सिलीने लिहिलं आहे.

३० जाने.
डॉ.नी फीत घेऊन शिवरामचे दोन्ही पाय मोजले. मोडलेला अर्धा इंच कमी भरला. ओढीने भरून निघेल, नाहीतर आयुष्यभर लंगडेल. आता सांगता येत नाही. वजन थोडं वाढवलं.
यशोदाबाई फीत हातात घेऊन पाहत होत्या. "अर्धा इंच म्हणजे कितला, अण्णा?"
बोटाच्या पेरावर दाखवलं. त्यांनी आपलं पेर पाहिलं, शिवरामच्या पायाकडे पाहिलं. "इतलाच ना," म्हणाल्या.
शुक्रवारी परत मोजणार.