एतियेनच्या इंजिनाचा चौथा पिस्टन

१ जून १९१०, बुधवार
चौथा पिस्टन नापास केला. सातांत तोच चार ग्रॅम जड. आमचं इंजिन पंख्यासकट स्वतःच गरगर फिरतं. एक जरी पिस्टन जड निघाला, तर सगळं विमान थरथरतं. आणि त्या इंजिनामागे बसणार कोण, तर माझा एतियेन! रविवारी त्याची पहिली शर्यत. नवा पिस्टन कातून यायचा म्हणजे शर्यत हुकलीच. पोरगा भडकला. म्हणाला, "आई, तू माझी आहेस की त्या काट्याची?" सूप तसंच टाकून उठला.

मी ढिम्म. तोलायचं काम माझं आहे.

३ जून, शुक्रवार
गाढव मी! मुकादम बास्तिदने तो नापास पिस्टन सहज उलटा केला, तर आत एरंडेल. गंज चढू नये म्हणून आम्ही सगळे भाग एरंडेलात बुडवतो आणि तोलण्याआधी पुसतो. तीन वर्षं पुसतेय. नेमकी परवाच विसरले, डोक्यात पोराची शर्यत! पुसून तोलला, तर बरोबर. सगळ्यांसमोर सांगितलं, चूक माझी. कोणी हसलं नाही, तेच जास्त लागलं.

बास्तिद म्हणाला, उरलेले भाग दुसऱ्या कोणाकडून तोलून घेऊ. एतियेन दारातच होता. "काटा आईच धरेल. नाहीतर मी उडत नाही." मला रडू फुटलं, तर म्हणतो कसा, "त्या पिस्टनात आता डोळ्यांतलं पाणी पाडू नकोस, पुन्हा वजन वाढेल."

४ जून
इंजिन तासभर फिरवलं. एकदाही अडखळलं नाही! वंगणही एरंडेलाचंच, फिरताना इंजिन ते चहूकडे उडवतं; आम्ही सगळे त्यात न्हालो. फार सुखात आहे मी.

५ जून, रविवार
तिसरा आला! बावीस मिनिटं हवेत. मी मैदानाकडे पाठ करून उभी. बघवेचना. नुसता आवाज ऐकत होते.

उतरल्यावर लोक खांद्यावर घ्यायला धावले, तर हा पोट धरून बीटाच्या शेताकडे पळाला. बावीस मिनिटं नाकातोंडात एरंडेल, दुसरं काय होणार! बास्तिद हसून हसून खाली बसला.

परत आल्यावर एतियेन म्हणाला, माझ्या मागे एक माणूस बसू शकतं. मी म्हटलं, वेड लागलंय तुला.

७ जून, मंगळवार
आज सीन नदी आणि आमचं घर वरून पाहिलं. चादरी दोरीवरच राहिल्यात.