बाकाकडे पाहणारी मुलगी

अल खर्ज, सौदी अरेबिया,
शनिवार, सकाळ

प्रिय अवंती,

तुझा मेसेज येऊन आठवडा उलटून गेला. व्हिसा संपायच्या आत मी परत येऊ का, एवढी एकच ओळ, तीही इंग्रजीत. मी 'लिहिते' असं कळवलं, तेव्हा तुला वाटलं असेल की संध्याकाळपर्यंत फोनवर दोन ओळी येतील. बोलले असते तर तू माझ्या आवाजातून तुला हवं ते उत्तर काढून घेतलं असतंस. लहानपणापासून काढत आली आहेस. म्हणून कागद घेतला. आपल्या फार्मसीतली तबस्सुम उद्या सुट्टीवर श्रीवर्धनला निघाली आहे, ती मुंबईत उतरली की नाशिकला कुरिअर करील. सोबत बुरैद्याचा खजूर आहे. मराठी तू अडखळत, सावकाश वाचतेस, हे मला ठाऊक आहे. या वेळी मला तेच हवं आहे.

इथे थंडी सुरू झाली. वारा फिरला की डेअरी फार्मवरच्या गोठ्यांचा वास थेट क्वार्टर्सपर्यंत येतो आणि मी खिडक्या लावून घेते. हॉस्पिटलमध्ये डेंग्यूची धावपळ ओसरली आहे, लॅबमध्ये जरा श्वास घेता येतो. बाबा नेहमीप्रमाणे दर गुरुवारी अबकैकहून येतात, शनिवारी संध्याकाळी परत प्लँटवर. तुझ्याबद्दल ते कमी बोलतात. दार उघडलं की पाणी पिण्याआधी विचारतात, किती फरकानं? हरलात हे गृहीतच धरलेलं असतं. मी आकडा सांगते, ते 'हं' म्हणतात आणि बूट काढतात.

तुला एक गोष्ट माहीत नाही. तुमच्या बास्केटबॉल टीमला इथे प्रेक्षक आहेत. तुमच्या कॉलेजचा तो कोण मुलगा मोबाइल स्टँडवर लावून सामने यूट्यूबवर दाखवतो, ते आमच्या कँटीनमध्ये दिसतात. तुमचे चार वाजतात तेव्हा आमचे दीड, म्हणजे बरोबर जेवणाची सुट्टी. सुरुवात सिस्टर रोवेनानं केली. क्वार्टर्समागच्या त्या वाकड्या रिंगखाली तू अकरा वर्षांची असल्यापासून तिनंच तुला शिकवलं, त्यामुळे ती स्वतःला तुमची अर्धी कोच समजते. ती आयसीयूतून डबा घेऊन येते आणि टॅब्लेट मिठाच्या बरणीला टेकवून ठेवते. मग एक्स-रेचा जोएल आला. फिलिपिनो माणसाला बास्केटबॉल दिसला आणि तो पुढे निघून गेला, असं मी अजून पाहिलेलं नाही. मग आले इसहाकभाई, तुला शाळेत सोडणाऱ्या हॉस्पिटलच्या बसचे ड्रायव्हर. त्यांना या खेळातलं काही कळत नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, ताई, बॉल हातात हाय तर आपटीत कशाला चालतंय ही? घेऊन पळ म्हणावं ना! जोएलला मी हे इंग्रजीत सांगितलं, तेव्हा तो हसून टेबलावर आडवा झाला.

आता त्यांची रोज भांडणं होतात, सामना असो वा नसो. जोएलचं मत पहिल्यापासून पक्कं आहे की तुमची टीम म्हणजे बालवाडी. बारापैकी आठ मुली पहिल्या वर्षाच्या, आणि तुमचे दीनानाथ सर (हा त्यांना 'कोच दीना' म्हणतो) तिसऱ्या वर्षाच्या दोघींना अर्धा वेळ बाहेर बसवून ही बालवाडी का चालवतात, ते त्याला समजत नाही. सहापैकी पाच सामने गेले, अजून कशाची वाट बघायची, असं तो ओरडतो. रोवेना म्हणते, जानेवारी येऊ दे, मग हीच टीम तुला नाचवील. ती बोटांवर मोजून दाखवते: उंची आहे, पाय आहेत, एकमेकींकडे बघून पास देतात, फक्त शेवटच्या क्वार्टरला घाबरतात. भीती काही आजार नाही, म्हणे, ताप आहे, उतरतो. इसहाकभाईंनी तिची बाजू घेतली. ते म्हणाले, कलमाला पहिली तीन वरसं मोहर धरू देत नाय, खुडून टाकतात, नायतर झाड बसतं; हरतायत पोरी तर हरू देत. हेही मी जोएलला सांगितलं. तो म्हणाला, तीन वर्षांनी माझं कॉन्ट्रॅक्ट खलास, तुमचे आंबे कोण खाणार?

मी या वादात नसते. मी आपली तुला बघायला बसते. म्हणजे मला तसं वाटत होतं.

तुमचा कॅमेरा हॉलच्या एका कोपऱ्यात, वर कुठेतरी असतो. पिवळ्या जर्सीवरचे पांढरे आकडे इथे दिसत नाहीत, चेहरे तर नाहीतच. पहिल्या सामन्यात मी लांब वेणीच्या मुलीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, ती बघा आमची अवंती. रोवेनानं आधी टॅब्लेटकडे, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, हो, छान पळतेय. तीन सामने मी त्या वेणीच्या मागे डोळे फिरवले. ती पडली की माझा घास थांबायचा. एकदा जोएल म्हणाला की ही वेणीवाली पास फार उशिरा देते, तर मला ते लागलं, मी दोन दिवस त्याच्याशी नीट बोलले नाही. बिचारा माफी मागायला लॅबपर्यंत आला. रोवेना मात्र सारखी दुसऱ्याच मुलीवर ओरडत असायची, कापलेल्या केसांच्या, पलीकडच्या बाजूला खेळणाऱ्या. कोपर आत, कोपर आत! मला वाटलं, तिला ती मुलगी आवडली असेल.

चौथ्या सामन्यात त्या आखूड केसांच्या मुलीला फ्री थ्रो मिळाले. ती रेषेवर उभी राहिली. बॉल आपटला. आणि टाकण्याआधी तिनं डावा हात मानेमागे नेला आणि खांद्यावरची वेणी पाठीवर टाकली. वेणी नव्हतीच. हात नुसताच हवेतून मागे गेला आणि परत आला.

बारा वर्षं ती वेणी मी रोज सकाळी घातली आहे, अवंती. मी दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली पेशी आकारावरून ओळखते, त्याचाच पगार घेते. आणि तू मला ओळखू आलीस ती नसलेल्या वेणीवरून. पहिला थ्रो चुकला. तू लगेच मान वळवून बाकाकडे पाहिलंस. दुसराही चुकला, पुन्हा पाहिलंस. सरांनी हात केला आणि तू जाऊन बसलीस, डोक्यावर टॉवेल घेऊन. मी रोवेनाकडे पाहिलं. तिनं डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली की तिला पहिल्या सामन्यापासून माहीत होतं, कोपरावरून. सांगितलं का नाही, हे मी विचारलं नाही. तिनंच मला सांगितलं, तू त्या वेणीवालीकडे बघताना इतकी खूश दिसत होतीस.

मग मला समजलं की ऑक्टोबरपासून तुझा कॅमेरा का बंद असतो. हॉस्टेलचं नेट खराब आहे, हे मी खरं मानलं होतं. केस तुझे आहेत, मी रागावले नाही. मला फक्त तारीख लावून बघावीशी वाटली, की कोणत्या दिवशी मी फोनवर काय बोलत होते आणि तू कापलेल्या केसांनी ऐकत होतीस. ती काही लागली नाही.

त्यानंतरचा सामना मी नीट बघितला, म्हणजे तुलाच. टेबलावरचा वादही आता उघड तुझ्यावर आला. जोएल म्हणाला, ही मुलगी चांगली आहे पण हिला बसवा, हिच्यामुळे सगळ्या गांगरतात. रोवेना म्हणाली, ही हातांनी खेळतच नाही, मानेनं खेळतेय, चुकली की बाकाकडे बघते, की आता मला काढणार का? तिचं म्हणणं असं की सरांनी एकदाच सांगून टाकावं, दहा चुकव, क्वार्टर संपेपर्यंत तुला मी बाहेर घेणार नाही. मग बघा. जोएल म्हणाला, बघू की, चाळीसनं हरताना बघू. तो सामनाही गेला. त्याच रात्री तुझा मेसेज आला.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. मी तुझी खोली झाडली. पडदे काढून धुतले. चादर बदलली, उशीला नवा अभ्रा घातला, कपाटातला माझा हिवाळ्याचा पसारा माझ्या खोलीत नेला. बाबा दारात उभे राहून बघत होते. त्यांनी विचारलं, काय ठरलं? मी म्हटलं, अजून काही नाही, धूळ फार झाली होती. त्यांनी टेबलाचं एक टोक धरलं आणि आम्ही ते खिडकीशी सरकवलं, तुला आवडायचं तसं. संध्याकाळी मी पत्राचा कागद काढला आणि 'प्रिय अवंती' खाली एकच शब्द लिहिला. ये. तो कागद अजून माझ्याकडे आहे. तेव्हा पाठवायला कोणी नव्हतं म्हणून राहिला.

मग बुधवारी तुमचा जळगावचा सामना झाला. बाकीच्यांची इंटर्नल परीक्षा असल्यामुळे तुम्ही सातच जणी गेला होतात, हे आम्हाला व्हिडिओखालच्या कॉमेंटमधून कळलं. तिसऱ्या क्वार्टरला तिसऱ्या वर्षाच्या एकीचा घोटा मुरगळला. चौथा सुरू होतो न होतो तोच दुसरी पाच फाउल होऊन बाहेर गेली. जोएल म्हणाला, खलास. कोर्टावर पाच पहिल्या वर्षाच्या आणि बाकावर खेळू न शकणाऱ्या दोघी. तू पहिला शॉट चुकवलास आणि बाकाकडे पाहिलंस. दुसरा चुकवलास आणि पाहिलंस. तिथे एक पायाला बर्फ लावून बसली होती आणि सर बाटलीतून पाणी पीत होते. उठणारं कोणीच नव्हतं. तिसरा चुकल्यावर तू पुन्हा मान वळवायला लागलीस आणि मध्येच थांबलीस. इतक्या लांबूनही ते दिसलं. रोवेनानं माझा हात धरला, अगदी नस शोधावी तसा.

पुढचं तुला माहीतच आहे. त्यानंतरही तू चुकलीस, काही शॉट आत गेले, काही बाहेर आले. पण मान वळली नाही. त्या वेणीवाल्या मुलीनं, नूरैन नाव आहे ना तिचं, कॉमेंटमध्ये मालेगावचे लोक तिच्या नावानं ओरडत असतात, तिनं तुला शेवटी तीनदा पास दिला, आणि उशिरा नाही, वेळेवर. तुम्ही पाचनं हरलात. इसहाकभाईंनी विचारलं, जिकलो काय? मी नाही म्हटलं. ते म्हणाले, मग हे दोघं कशाला नाचतायत? जोएलनं लगेच सावरून घेतलं आणि सांगितलं की हरलो ते हरलोच, त्यात कौतुक काय. पण एक्स-रेबाहेर चार पेशंट खोळंबले होते आणि तो शेवटची शिट्टी होईपर्यंत उठला नव्हता. आजही तो वाद चालू आहे. रोवेना म्हणते, जानेवारी. तो म्हणतो, कुठल्या वर्षाचा?

परवा बाबा आले, तेव्हा मी त्यांना बूट काढू दिले नाहीत. फोन काढायला लावला. सरकारच्या अबशेर ॲपवरच्या त्यांच्या खात्यातून तुझ्या परत येण्याच्या व्हिसाची मुदत वाढवून घेतली, डिसेंबरची आता जूनअखेर झाली आहे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून दोनदा तारीख वाचली आणि म्हणाले, म्हणजे ती येत नाही का? मी म्हटलं, मला माहीत नाही. तुझ्या प्रश्नाचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. व्हिसा संपायच्या आत यायची गरज उरलेली नाही. परीक्षा झाली की ये, उद्या ये, जूनमध्ये ये, नाही आलीस तरी आम्ही परत वाढवू. खोली झाडलेली आहे, तशीच राहील. तुला इथून कोणी आत बोलावत नाही आणि बाहेरही काढत नाही. खजुराचा अर्धा डबा नूरैनला दे, तीन सामने मी तिची आई होते. आणि केस चांगले दिसतात की नाही, ते मला सांगता येत नाही, तुमचा तो कॅमेरा फार लांब आहे. तुझा एकदा सुरू कर.

इथेच असलेली, तुझीच,
आई