घरी बोलली जाणारी भाषा

तीर्थरूप आईस,
साष्टांग नमस्कार. तू विचारायच्या आधीच सांगते, मी वेळेवर जेवते.

मला बढती मिळाली. वीस वर्षं फ्रेंच शिकवलं. आता शाळेतल्या सगळ्या मुलांना सारखी वागणूक मिळते का, हे बघायचं. वेगळी खोली आहे, दारावर पाटी आहे. वर्ग मात्र गेला. दिवसभर "मॅडम, मॅडम" करून डोकं खाणारं कुणी नाही. बाबांचा गुडघा काय म्हणतोय?

आल्या आल्या मी एक फॉर्म काढला: घरी कोणती भाषा बोलता? म्हणजे पालकांशी त्यांच्याच भाषेत बोलता येईल. मुख्याध्यापक म्हणाले, शिक्षकांनीही भरा. मी ऐटीत 'मराठी' लिहिलं. पुढचा रकानाही मीच घातलेला: 'कोणाशी?' तिथे पेन अडलं; इथे घरी मी एकटीच ना.

कारकूनबाई म्हणाल्या, "अहो, फॉर्म तुमचा आणि तुम्हीच अर्धा ठेवलात?" मी हसून वेळ मारून नेली.

आज तो भरून दिला. 'आईशी' असं लिहिलंय. ते खोटं ठरायला नको, म्हणून हे पत्र ओट्यापाशी उभी राहून, मोठ्यानं बोलत बोलत लिहितेय.

तुझीच,
धाकटी