चार बोटं

शिक्रापूर
४ सप्टेंबर १९९८

ती. सौ. साधनाअक्कास, धाकट्या संपतचा शि. सा. न. वि. वि.

कारखान्याचं बरं चाललंय. रविवारी सगळी आळी घरमालक मारुतरावांकडं टीव्हीपुढं जमते. मालिकेत परग्रहावरची माणसं आपली भाषा शिकून गावात शिरतात आणि लोकांच्या हातचं काम घेतात. ओळखायची खूण एकच, हाताला चारच बोटं. मारुतराव म्हणतात की पयलं आभाळातली माणसं आपल्याला शिकवाय यायची, आता काम घ्याय येत्यात. यूपीवालं कारखान्यात आलं तवापासनं टीव्हीवालं बी त्येच दाखवत्यात.

माझ्या खोलीतला रामसुमेर यूपीचाच. गेल्या वर्षी कारखान्यात प्रेसच्या मशीनमध्ये त्याचं एक बोट गेलं. पोरं त्याला चारबोट्या म्हणतात. तो हसतो, मला मात्र भीती वाटते.

पप्पूला पापा. लोभ आहेच, तो वाढू दे.

तुझा
संपत

केडगाव
१३ सप्टेंबर

चि. संपतास, अक्काचे अ. उ. आ.

तुझा भाचा पप्पूही तीच मालिका बघतो. सासूबाईंची बोटं मोजून झाली, परवा पोस्टमनला दारात अडवलं! तुझ्या भाकरी अजून करपतात, की रामसुमेर करून घालतो?

तुझ्या पत्रानं जिवाला घोर लागलाय. अरे, परका दिसतो म्हणून चिडवतात. त्याला मराठी शिकव. आपल्यासारखा बोलायला लागला की कोण हात लावेल? दिवाळीला दोघं या, मी त्यालाही ओवाळीन.

आठवण ठेव, पत्र टाकत जा.

तुझी
अक्का

शिक्रापूर
६ ऑक्टोबर

ती. सौ. अक्कास, शि. सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं आलंय, डाव्या हातानं लिहितोय.

रविवारी मालिका संपली आणि पोरं थेट आमच्या खोलीवर आली. पुढं मारुतरावांचा भैरू, हातात सायकलची चेन. रामसुमेरला केस धरून रस्त्यावर ओढलं. चेनीनं तोंड फोडलं, दात पडले. तरी तो मी शिकवलेलंच म्हणत होता, की दादा, म्या तुमचाच हाय, मारू नका. भैरू ओरडला की बघा, आपली भाषा शिकून आलाय! मग लोखंडी गज निघाला. मी त्याच्या डोक्यावर हात धरला, पहिला घाव माझ्या हातावर बसला. दुसरा त्याच्या डोक्यात. पुण्याला नेईपर्यंत तो गेला.

भैरूला पोलिसांनी नेलं. मारुतराव म्हणतात की पोरांची चेष्टा जरा जास्त झाली. त्यांचा गळा धरावासा वाटला मला.

अक्का, तू मनाला लावून घेऊ नकोस. तू चांगल्यासाठीच सांगितलंस, मीही मन लावून शिकवलं.

डॉक्टरांनी माझं एक बोट काढलं. दिवाळीला एकटाच येतोय. पप्पू दारातच हात धरील. त्याला मोजू दे, अडवू नकोस. चारच भरली तरी मामा कुणाचा, ते मला त्याच्या तोंडून ऐकायचंय.

माया राहू दे.

तुझाच
संपत