एकट्यानं चालवायची होडी

१२ नोव्हेंबर १९३५

निवडली! वेंगुर्ल्याच्या वाळूत तीन होड्या होत्या. पहिली ऐसपैस, पण नुसती ढकलायलाच चार माणसं हवीत. दुसरी चपळ — पण अशी अरुंद, की मी लुळा पाय पसरून बसलो तर कलंडणारच. तिसरी लहान. तळ रुंद, डोलकाठी एका माणसाला उपसता येते, वारा पडला तर वल्ही आहेत. शिडाची दोरी आणि सुकाणू दोन्ही बसल्या जागी हाताशी. रात्री आडवं व्हायलाही जागा. हीच!

माझ्या थोरल्या भावाला, अण्णांना, मोठी हवी होती, म्हणजे कायम कुणीतरी माझ्यासोबत येईल. शाळा, देऊळ, जत्रा — सगळं मी त्यांच्या पाठुंगळी केलं. आता एवढा घोडा झालो तरी तेच! आमच्या गावच्या दूधगंगेतून खालच्या मोठ्या नदीच्या संगमापर्यंत कुणी न उचलता जायचं, एवढीच माझी हाव आहे.

"ह्यात तुला धरणार कोण रं?" अण्णांनी विचारलं.

"कुणी धरायचं न्हाय, म्हणून तर ही."

सुताराला होकार मीच दिला.

२० नोव्हेंबर

होडी बैलगाडीनं घाट चढून निपाणीत आली. तंबाखूचे अडते काम टाकून बघायला जमले. एकानं विचारलं, कुठल्या देवाचा रथ? छाती काढून सांगितलं — माझा!

३ डिसेंबर

फजिती. शीड मीच शिवलं, आमच्याच मागावरच्या जाड कापडाचं. आणि विणकराची खोड — ताण्याच्या सुताला लावतो तशी पिठाची खळ चोपडली! उन्हात कडकडीत ताठ झालं. नदीत चार शिंतोडे उडाले आणि सगळं गिळगिळीत होऊन माझ्याच अंगाला चिकटलं. आमच्या सदलग्याचा अख्खा नदीघाट हसला. अंबूवहिनी तर धुणं टाकून पोट धरून बसली. असो. कापड कुठंही उसवलं नाही, हे कुणी बघितलं नाही!

२१ डिसेंबर

वारा नाही.

५ जानेवारी १९३६

गेलो! एकटा! घाटाच्या पायऱ्या बसत बसत उतरलो, अण्णांना हात लावू दिला नाही. जाताना प्रवाह होता, येताना पूर्वेचा वारा. संगमावर होडीतच झोपलो. परतलो तेव्हा अण्णा काठावर उभेच होते. म्हणाले, "आलास व्हय." मी मात्र आज गावभर मिरवलो, कुबडी आपटत.

२ फेब्रुवारी

अण्णा आणि वहिनी आज इचलकरंजीला गेले. यंत्रमागावर काम आहे. सहा वर्षांपूर्वीच बोलावणं आलं होतं म्हणे. मला कुठं टाकून जायचं म्हणून कधी बोललेच नाहीत. "आता तू सुटलास, मीबी सुटलो," म्हणाले. मीच त्यांना होडीतून पैलतीरी सोडलं. परतताना डोळे भरून आले, सुकाणू दिसेना.