दोर जाड होत नाही

सोमवार, ३ मार्च

आज अकरा ‘कदाचित’ गेले!

साहेब मसुदा वाचत नाहीत, ऐकतात. मी वाचतो, ते खुर्चीत मागे रेलून डोळे मिटतात. ‘कदाचित’ आला की टेबलावर बोट आपटतात — खोड. शेवटी म्हणाले, “अरे, कदाचितला लिफ्ट टांगता येत नाही.”

राग आला नाही, उलट बरे वाटले. नववीनंतर शाळा सुटल्यापासून माझ्या लिहिण्याकडे एवढे लक्ष कोणी दिले नव्हते. आमची कचेरी लिफ्ट तपासते आणि अहवाल लिहिते. साहेब एकतीस वर्षे तपासनीस, मी चौदा महिने त्यांचा लेखनिक. मला घेतले ते अक्षर आणि शुद्धलेखन पाहून. आता पहिला मसुदा मीच करतो. त्यांचा नियम एकच. ‘आढळले’ या शब्दाखाली फक्त पाहिलेले लिहायचे. वाटलेले घरी सांगायचे.

मंगळवार, ४ मार्च

आठ मजली इमारत, राहणारे बहुतेक म्हातारे. गच्चीवरच्या खोलीत लिफ्टचे यंत्र. साहेबांनी वाकून दोराला कॅलिपर, म्हणजे जाडी मोजायचा चिमटा, लावला. “बारा पूर्णांक आठ. लिही.” मी लिहिले. दोर नवा असताना तेरा मिलिमीटर, बाराच्या खाली गेला की बदलायचा. म्हणजे उत्तम.

त्या लिफ्टचा मिस्त्री — त्याला सगळे ग्रीस म्हणतात — म्हणाला, “साहेबांनी पास केलं की मी झोपायला मोकळा.”

सहाव्या मजल्यावरच्या आजींनी पाणी दिले. “नीट तपासा हो. माझ्या गुडघ्यांची गॅरंटी कधीच संपली.”

बुधवार, ५ मार्च

संध्याकाळी ताईला मसुदा वाचून दाखवला. ती तिचा कंडक्टरचा गणवेश इस्त्री करत होती. दोन पाने निमूट ऐकली, मग इस्त्री उभी केली. “भाऊराया, तुझ्या लिफ्टमध्ये बसायचं का नाही, तेवढं सांग. मी काय शेवटच्या पानापर्यंत दारात उभी राहू?”

बरोबर आहे तिचे. निष्कर्ष चौथ्या पानावर होता. तो उचलून पहिल्या ओळीत आणला — ‘लिफ्ट वापरण्यास सुरक्षित आहे.’

आणि हात थांबला. हेच वाक्य चौथ्या पानावर तासभर पडून होते, तेव्हा भीती वाटली नव्हती. सगळ्यांत वर एकटे उभे राहिले तशी वाटली. उद्या एकदा गेल्या वर्षीचा अहवाल बघून घेईन. मनाचे समाधान.

गुरुवार, ६ मार्च

गेल्या वर्षी दोर १२.३. यंदा १२.८.

चार वेळा पाहिले. गेल्या वर्षीचा अहवाल मीच टाइप केलेला, नोकरीतला दुसराच. ग्रीसला फोन केला. दोर बदलला का? “बदलला असता तर माझी कंबर तुला सांगायला आली असती,” म्हणाला.

म्हणजे बदललेला नाही. दोर झिजतो. वापरून वापरून जाड होत नाही.

मग एकेक आठवू लागले. साहेब मसुदा ऐकतात. पत्र आले की ‘वाच’ म्हणतात. मी समजत होतो, ही त्यांची शिकवण्याची तऱ्हा. आकडे त्यांना दिसतच नसतील तर?

सांगितले तर साहेबांचे काम गेले. ते गेले तर नववी पास माणसाला इथे कोण ठेवणार? नाही सांगितले तर आजी रोज दोनदा त्या दोराला लटकणार.

आज सांगितले नाही. दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो. दुसऱ्यांदा ते म्हणाले, “दार झिजेल रे.”

शुक्रवार, ७ मार्च

‘तुमची नजर गेली’ हे माझ्या तोंडून येणे शक्य नव्हते. म्हणून त्यांच्याच नियमाने गेलो. रोजच्यासारखा मसुदा वाचायला बसलो आणि वाचले : “आढळले. दोराची जाडी गेल्या वर्षी १२.३. यंदा १२.८. मधल्या काळात दोर बदललेला नाही.”

बोट हलले नाही.

“पुन्हा वाच.”

वाचले. मग डोळे न उघडता म्हणाले, “व्यायामशाळेत जातो वाटतं दोर.” ते उठले. कॅलिपरची पेटी माझ्या हातात दिली. चौदा महिन्यांत ती मी उचलली होती, उघडली कधी नव्हती.

गच्चीवर मी मापले, साहेबांनी टॉर्च धरला. तीन ठिकाणी ११.७, एका ठिकाणी ११.६. प्रत्येक माप दोनदा घेतले. ग्रीसने जागच्या जागी लिफ्ट बंद केली.

सहाव्या मजल्यावर जिन्यात आजी भेटल्या. “आता मी काय, वाऱ्यावर तरंगत खाली येऊ?”

साहेब मला म्हणाले, “सांग त्यांना. फक्त पहिली ओळ.”

“दोर झिजलाय, आजी. चार दिवसांत नवा बसेल. तोवर लिफ्ट बंद.”

“मग असं सरळ सांगावं माणसानं.” आत गेल्या आणि भाजीची पिशवी आणून माझ्या हातात दिली. यादीसकट.

शनिवार, ८ मार्च

अहवाल झाला. दीड पान. पहिली ओळ — ‘लिफ्ट वापरू नये.’ कदाचित एकही नाही. बोट एकदाच आपटले, ‘खेदाने कळवावे लागते’ला. “खेद कोणाला? जीव वाचला म्हणून?”

दोघेही हसलो. डोळ्यांविषयी ते बोलले नाहीत, मी विचारले नाही. चौदा महिन्यांपूर्वी या माणसाने मला दारातूनच परत पाठवले असते तर मी आज कुठे असतो, याचा विचार करत चालत घरी आलो. ताईला पहिली ओळ वाचून दाखवली. “हं,” म्हणाली, “आता कळलं.” तिच्याकडून एवढे म्हणजे पुष्कळ.

मंगळवार, ११ मार्च

नवा दोर बसला. मापला, तेरा. आजींनी पिशवी परत घेतली.

बुधवार, १२ मार्च

सकाळी साहेबांनी दार लावून घेतले. “नवा अहवाल. लिही. विषय — तपासनीस. वापरात एकतीस वर्षे.”

माझी बोटे थांबली.

“थांबू नकोस. आढळले — जवळचे आकडे वर्षभर नीट दिसत नाहीत. तपासनिसाने ही गोष्ट लपवली. शिफारस एक — मोजमापाच्या कामातून आजपासून बाजूला करावे. शिफारस दोन — या वर्षात मापलेल्या बावीस लिफ्ट पुन्हा मापाव्यात. उद्यापासून. मापणार —” आणि माझे पूर्ण नाव घेतले. आजवर ‘अरे’ होतो.

“वाचून दाखव.”

वाचून दाखवले. मग विचारले, “साहेब, ‘आढळले’मध्ये एक ओळ घालू?”

“पाहिलेलं असेल तरच.”

“पाहिलंय.” लिहिले आणि वाचले. “या तपासनिसाने चौदा महिन्यांत एका नववी पास माणसाला अहवाल लिहायला शिकवले.”

त्यांनी बोट उचलले. तसेच वर धरून ठेवले.

“हे अहवालात बसत नाही,” म्हणाले. आणि थोड्या वेळाने — “पुरवणीत टाक.”