मनगटापाशी लाल मणी

प्रिय साधना,

डोहाळजेवण नको म्हणालीस आणि फोन ठेवून दिलास. आक्काचा फोन कापतेस, लई शहाणी झालीस! मंग घे हे पत्र. हे तरी मधेच कापता येणार न्हाई.

आधी आमच्याकडची गंमत ऐक. जुन्या जालन्यातल्या आमच्या छोट्या संग्रहालयात नवं कपाट आलंय. गोदाकाठी खोदताना सापडलेलं, तीन हजार वर्षांपूर्वीचं तान्ह्या लेकराचं दफन. दोन मोठी मडकी तोंडाला तोंड लावून ठेवलेली, आत इवलीशी हाडं, शेजारी एक वाटी आणि मनगटापाशी लाल मणी. बाप्ये माणसं आली की हमखास विचारतात, सोनं निघालं का? न्हाई म्हणलं की निघाले तलवारी बघायला. शाळेची पोरं काचेला नाकं लावतात, पुसून पुसून माझे हात दुखले. बाया मात्र तिथून हलत न्हाईत. वाटीत दूध घातलं असंल का, यावर परवा दोन अनोळखी बायांनी सगळी दुपार घालवली. एकीनं तर काचेपुढं चिमूटभर साखर ठेवली. मुंग्या झाल्या, साहेब माझ्यावर खवळले. मी म्हणलं, मंग पाटी लावा, बाळाला खाऊ देऊ नये! ते हसले बिचारे.

आता खरं सांगते. मंगळवारी तुझ्या सासूबाई आल्त्या. तू नको म्हणतेस तरी तुझ्या ओटीची हिरवी साडी घ्यायला कापडबाजारात आल्त्या, अन् संग्रहालयात माझ्याकडं पाणी प्यायला टेकल्या. बोलता बोलता थेट त्या काचेपाशी गेल्या. मी हातातलं फडकं टाकून मागं धावले. तुझ्या पहिल्या लेकीला मातीत ठेवताना तिच्या काळ्या मनगट्या तू काढू दिल्या न्हाईस. तेव्हा ह्याच बोलल्या होत्या, घरातलं मातीत दिलं की माती पुढचंही मागते. तो बोल तू अजून पोटाशी धरून बसलीस, मला काय कळत न्हाई व्हय?

लाल काय आहे, त्यांनी विचारलं. मी म्हणलं, मणी, आईनं बांधले असतील. त्या तिथंच फरशीवर बसल्या, पदर तोंडाला लावून. तुझ्या नवऱ्याच्या, परमेश्वरच्या आधी त्यांना एक लेक झाली होती, ती तान्हीच गेली. तिच्या कमरेचा करदोटा त्यांनीही काढू दिला न्हाई. त्यांच्या सासूनं त्यांना जे ऐकवलं, तेच त्यांनी तुला ऐकवलं. म्हणाल्या, "मी येडी गं रेणुका. माझ्या तोंडून तिच्यापुढं निघायचं न्हाई, तू लिही." म्हणून लिहिलं. तुझा नवरा समोर हिंडतो-फिरतोय, साधना. मातीनं त्याला मागितलं न्हाई. साडी माझ्याकडं आहे, रविवारी नेसायला ये.

तुझीच, वाट बघणारी
रेणुकाआक्का